मतपत्रिकेवर पक्ष असावा का?

लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या निवडणुकीत मतदानयंत्रावर जो कागद लावलेला असतो, त्यावर मजकूर फार थोडा असतो. अनुक्रमांक, उमेदवाराचं नाव, फोटो आणि निवडणूक चिन्ह. पक्षाचं नाव तिथे छापलेलं नसतं. ते केंद्राबाहेर लावलेल्या उमेदवारांच्या यादीत असतं. तरीही आत गेलेल्या मतदाराला कोण कुठल्या पक्षाचा हे लगेच कळतं, कारण कमळ, पंजा, हत्ती ही चिन्हं त्या त्या पक्षांसाठी राखीव आहेत. त्यामुळे मतपत्रिकेवर पक्ष दाखवावा की नाही, हा जगभर चर्चिला जाणारा प्रश्न भारतात वेगळ्या रूपात उभा राहतो. आपल्याकडे तो चिन्हाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. मतदानयंत्रावरून पक्षचिन्हं काढून टाकावीत आणि त्याऐवजी उमेदवाराचं नाव, वय, शिक्षण आणि छायाचित्र द्यावं, अशी मागणी करणारी याचिका वकील अश्विनी उपाध्याय यांनी केली होती. 1 नोव्हेंबर 2022 रोजी सरन्यायाधीश उदय लळित आणि न्यायमूर्ती बेला त्रिवेदी यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. पण याचिका फेटाळली गेली म्हणून तिच्यामागची अस्वस्थता संपत नाही. पक्षाचं चिन्ह पाहून डोळे झाकून मत दिलं जातं आणि त्या आडून नको ती माणसं निवडून येतात, ही तक्रार गावच्या पारावरही ऐकू येते. ती गांभीर्याने घेऊन तपासायला हवी.

चिन्ह आलं कशासाठी?

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक 25 ऑक्टोबर 1951 ते 21 फेब्रुवारी 1952 या काळात झाली. मतदार 17 कोटींहून अधिक होते आणि 1951 च्या जनगणनेनुसार देशातली साक्षरता 18 टक्क्यांच्या आसपास होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढचा पेच उघड होता. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्याने गुप्त मतदान कसं करायचं? नावं वाचून दाखवायला कुणाला सोबत नेलं तर मत गुप्त राहत नाही. आणि गावात वाचता येणारा माणूस बहुतेक वेळा सावकार, जमीनदार किंवा त्यांच्या मर्जीतला असायचा.

त्यावर काढलेला तोडगा असा होता. प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी मतपेटी ठेवायची आणि तिच्यावर त्याचं चिन्ह लावायचं. मतदाराने आडोशाला जाऊन आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. शिक्का मारायचीही गरज नाही. काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचं वडाचं झाड, जनसंघाचा दिवा, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती ही चित्रं अशी घरोघरी पोचली. 1957 ची निवडणूकही याच पद्धतीने झाली. एकाच मतपत्रिकेवर सगळी नावं, सगळी चिन्हं आणि मतदाराचा शिक्का ही रीत 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून रुळली. पुढे 1968 च्या चिन्हविषयक आदेशाने राखीव चिन्हं, मुक्त चिन्हं आणि पक्षांची मान्यता यांची नियमावली ठरली.

म्हणजे चिन्ह आलं ते पक्षांची सोय म्हणून नव्हे. निरक्षर मतदाराला कुणाच्याही मदतीशिवाय, कुणालाही न घाबरता आपलं मत देता यावं, म्हणून ते आलं. आज साक्षरता कितीतरी वाढली आहे. पण एखाद्या मतदारसंघात वीस-पंचवीस उमेदवारही असतात, त्यांतल्या बहुतेकांची नावं मतदाराने कधी ऐकलेली नसतात, आणि यंत्रासमोर उभं राहायला काही क्षणच मिळतात. अशा वेळी शिकलेला माणूसही चिन्हच शोधतो.

चिन्ह नको म्हणणाऱ्यांची बाजू

पक्षांबद्दलचा अविश्वास आपल्या विचारपरंपरेत जुना आहे आणि तो हलक्या माणसांचा नव्हता. मानवेंद्रनाथ रॉय यांनी 1948 च्या अखेरीस आपला रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षच विसर्जित केला. सत्तेसाठी चाललेलं पक्षीय राजकारण माणसाला स्वतंत्रपणे विचार करू देत नाही, या निष्कर्षाला ते पोचले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि सासवडचे वि. म. तारकुंडे हे महाराष्ट्रातले विचारवंत रॉय यांचे सहकारी होते. जयप्रकाश नारायणांनी 1959 मध्ये भारतीय राज्यव्यवस्थेच्या पुनर्रचनेचा जो आराखडा मांडला, त्यातही गावापासून वर जाणाऱ्या पक्षविरहित लोकशाहीची कल्पना होती. त्यांचा मुख्य आक्षेप असा होता की पक्षाचं तिकीट घेतलेला प्रतिनिधी मतदारांकडे कमी आणि पक्षश्रेष्ठींकडे जास्त पाहतो.

या आक्षेपाला आजची आकडेवारी बळच देते. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांचा अभ्यास केला. 2024 मध्ये निवडून आलेल्या 543 खासदारांपैकी 251 जणांनी, म्हणजे 46 टक्क्यांनी, आपल्यावर फौजदारी खटले असल्याचं जाहीर केलेलं आहे. यांतले बहुतेक जण मोठ्या पक्षांच्या चिन्हांवर निवडून आले. चिन्हच नसतं तर लोकांनी माणूस पाहून मत दिलं असतं, असं म्हणावंसं वाटणं स्वाभाविक आहे.

पण रॉय आणि जयप्रकाश यांनी पक्ष जावेत असं म्हणताना त्यांच्या जागी काय यावं याचाही विचार केला होता. मतदारांच्या स्थानिक समित्या असाव्यात, त्यांनीच उमेदवार निवडावेत, त्यांनीच प्रतिनिधीवर लक्ष ठेवावं, अशी ती मांडणी होती. नुसतं मतपत्रिकेवरचं चिन्ह पुसण्याच्या प्रस्तावात हा दुसरा भाग नाही. तो नसेल तर मोकळ्या झालेल्या जागेत काय शिरतं, हे पाहायला आपल्याजवळ अनुभव आहेत.

ओळख पुसट झाली की

पहिला अनुभव घरचाच आहे. 2014 च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये शिवसेनेचे अनंत गीते यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे सुनील तटकरे यांचा 2,110 मतांनी पराभव केला. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष उमेदवारही होता आणि त्याला 9,849 मतं मिळाली. यांतली किती मतं नावाच्या गोंधळाने पडली हे कुणी सिद्ध करू शकत नाही. पण विजयाच्या फरकापेक्षा चौपटीहून अधिक मतं नामसाधर्म्य असलेल्या अपक्षाला मिळावीत, हे बोलकं आहे. नावं सारखी असतील तर उमेदवाराचा व्यवसाय किंवा गाव जोडून फरक दाखवायची तरतूद नियमांत पूर्वीपासून होती. ती पुरी पडत नव्हती. 1 मे 2015 नंतरच्या निवडणुकांत मतदानयंत्रावर उमेदवाराचा फोटो आला, तो याच प्रकारच्या गोंधळावर उपाय म्हणून.

रायगडमध्ये चिन्ह वेगळं असूनही हे झालं. चिन्हच सारखं वाटू लागलं तर काय होतं, हे 2024 मध्ये दिसलं. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी 2023 मध्ये शिवसेनेचं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये राष्ट्रवादीचं नाव व घड्याळ अजित पवार यांच्या गटाला. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाला मशाल हे नवं चिन्ह मिळालं, तर शरद पवार यांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे नवं चिन्ह घेऊन काही आठवड्यांत मतदारांपर्यंत पोचावं लागलं. त्यातच मुक्त चिन्हांच्या यादीतली पिपाणीही काही अपक्षांना मिळाली. साताऱ्यात शरद पवार यांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे 32,771 मतांनी हरले. पिपाणीवर लढलेल्या अपक्षाने 37,062 मतं घेतली. दिंडोरीत भास्कर भगरे जिंकले, पण तिथे त्याच आडनावाच्या आणि पिपाणी चिन्ह असलेल्या अपक्षाला 1 लाखाहून अधिक मतं पडली. प्रचाराला फारशी साधनं नसलेल्या अपक्षाला एवढी मतं एरवी क्वचितच मिळतात.

ब्रिटनचा अनुभव याला जुळणारा आहे. तिथे 1872 पासून गुप्त मतदान आहे, पण जवळजवळ शंभर वर्षं मतपत्रिकेवर पक्षाचा उल्लेख नव्हता. नाव, पत्ता आणि व्यवसाय एवढंच असे. 1969 च्या कायद्याने उमेदवाराला सहा शब्दांपर्यंत स्वतःचं वर्णन लिहायची मुभा मिळाली आणि पक्षांची नावं मतपत्रिकेवर आली. ती कुणाच्या मालकीची हे मात्र ठरलेलं नव्हतं. 1994 च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत डेव्हन अँड ईस्ट प्लिमथ मतदारसंघात रिचर्ड हगेट नावाच्या उमेदवाराने 'लिबरल डेमोक्रॅट'शी मिळतंजुळतं 'लिटरल डेमोक्रॅट' असं वर्णन लावलं आणि 10,203 मतं मिळवली. खऱ्या लिबरल डेमोक्रॅट उमेदवाराचा पराभव फक्त 700 मतांनी झाला. त्यानंतर 1998 मध्ये पक्षनोंदणीचा कायदा झाला. कॅनडाने 1970 च्या दशकाच्या आरंभी आणि ऑस्ट्रेलियाने 1984 पासून पक्षाचं नाव मतपत्रिकेवर छापायला सुरुवात केली. या तीनही देशांनी आधी पक्षाविना मतपत्रिका वापरून पाहिली होती आणि अनुभवान्ती पक्षाचं नाव छापण्याकडे ते वळले.

पाकिस्तानचे दोन प्रयोग

पक्षाविना राष्ट्रीय निवडणूक खरोखर कशी दिसते, याची सर्वांत ठसठशीत उदाहरणं शेजारी आहेत. 25 फेब्रुवारी 1985 रोजी जनरल झिया-उल-हक यांनी पाकिस्तानात नॅशनल असेंब्लीची निवडणूक पक्षविरहित घेतली. प्रमुख विरोधी पक्षांच्या आघाडीने तिच्यावर बहिष्कार टाकला. पक्षाची ओळख वापरता येत नाही म्हटल्यावर उमेदवारांनी मतं मागितली ती बिरादरीच्या, जमीनदारीच्या आणि पैशाच्या जोरावर. निवडून आलेल्या सभागृहात पुढे मुस्लिम लीग उभी राहिलीच. फरक एवढाच की मतदारांना तिला मत द्यायची किंवा नाकारायची संधी मिळाली नव्हती. नेपाळात राजे महेंद्र यांनी 1960 मध्ये निवडून आलेलं सरकार बरखास्त करून आणलेली पक्षविरहित पंचायत व्यवस्था 1990 पर्यंत टिकली आणि जनआंदोलनाने संपली. या दोन्ही ठिकाणी पक्षबंदीचा लाभ आधीच सत्तेत असलेल्यांना झाला. त्यांना वेगळ्या संघटनेची गरजच नव्हती. सैन्य किंवा राजसत्ता हीच त्यांची संघटना होती.

पाकिस्तानातला दुसरा प्रयोग 2024 चा. पक्षांतर्गत निवडणुका नियमानुसार झाल्या नाहीत या कारणावरून पाकिस्तानच्या निवडणूक आयोगाने इम्रान खान यांच्या तहरीक-ए-इन्साफ पक्षाचं बॅट हे चिन्ह काढून घेतलं आणि 13 जानेवारी 2024 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. 8 फेब्रुवारीच्या मतदानात या पक्षाचे उमेदवार अपक्ष म्हणून, प्रत्येकजण वेगळं चिन्ह घेऊन उभे राहिले. कुणाला वांगं मिळालं, कुणाला बाटली. मतदानाच्या दिवशी मोबाईल सेवाही बंद होती. तरीही कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन आणि समाजमाध्यमांवरून कुठल्या मतदारसंघात कुठलं चिन्ह आपलं हे पोचवलं, लोकांनी ते लक्षात ठेवलं आणि या पक्षाच्या पाठिंब्यावर लढलेले 90 हून अधिक उमेदवार निवडून आले. दुसऱ्या कुठल्याही पक्षापेक्षा हा आकडा मोठा होता.

मतपत्रिकेवरून पक्ष नाहीसा झाला तरी मतदारांनी पक्षालाच मत दिलं. पण त्यासाठी त्यांना किती खटाटोप करावा लागला! ज्याच्याकडे मोबाईल नव्हता, ज्याला विचारायला कुणी नव्हतं, ज्याच्या दारापर्यंत कार्यकर्ता पोचला नाही, त्याचं काय झालं असेल? माहिती झाकली की तिची किंमत वाढते आणि ती किंमत सर्वांत दुबळ्या मतदाराला सर्वांत जड जाते.

नेब्रास्कात ते चालतं कसं?

पक्षाविना मतपत्रिका लोकशाही देशात टिकल्याचं एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत आहे आणि ते टाळून चालणार नाही. नेब्रास्का राज्यात सिनेटर जॉर्ज नॉरिस यांच्या पुढाकाराने 1934 मध्ये घटनादुरुस्ती झाली. 1937 पासून तिथे एकच सभागृह आहे आणि त्याच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्ष नसतो. आज 49 सदस्य आहेत. समित्यांचे अध्यक्ष सदस्य गुप्त मतदानाने निवडतात. अल्पमतातल्या पक्षाच्या माणसालाही ते पद मिळतं. गेराल्ड राइट आणि ब्रायन शाफनर या अभ्यासकांनी 2002 मध्ये नेब्रास्काची शेजारच्या कॅन्ससशी तुलना केली तेव्हा त्यांना दिसलं की कॅन्ससमध्ये सदस्य पक्षानुसार दोन गटांत मतदान करतात, नेब्रास्कात तशी रेघ स्पष्ट दिसत नाही. हे नॉरिस यांना हवं होतं तसंच झालं.

त्याला दुसरी बाजू आहे. सदस्य कुठल्या बाजूने मत देईल याचा अंदाज मतदारालाही येत नाही. याच अभ्यासकांनी मॅथ्यू स्ट्रेब यांच्यासह केलेल्या दुसऱ्या संशोधनात असं आढळलं की पक्षाविना मतपत्रिका असली की मतदानाचं प्रमाण घटतं आणि आधीच पदावर असलेल्या उमेदवाराला जास्त फायदा होतो, कारण निदान त्याचं नाव तरी ओळखीचं असतं. पुढे नेब्रास्कात सदस्यांच्या कार्यकाळावर मर्यादा आली, जुनी माणसं बाहेर पडली, नवे उमेदवार उभे करायला पक्ष सरसावले आणि सभागृहातही दुफळी वेगाने वाढली, हे सेथ मॅस्केट आणि बोरिस शोर यांनी 2015 मध्ये दाखवलं.

नेब्रास्काचं सभागृह सरकार बनवत नाही, हीसुद्धा इथे निर्णायक गोष्ट आहे. तिथला गव्हर्नर थेट लोकांतून आणि उघडपणे पक्षाच्या नावावर निवडला जातो. आपल्याकडे मुख्यमंत्री आणि पंतप्रधान सभागृहातल्या बहुमतातून ठरतात. आमदार निवडताना आपण सरकारही निवडत असतो आणि त्यातली अर्धी निवड झाकून ठेवणं मतदारावर अन्याय करणारं ठरेल.

गावातला अनुभव

महाराष्ट्रात पक्षाविना निवडणूक आपण नेहमीच अनुभवतो. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हांवर होत नाही. कपबशी, छत्री, शिट्टी अशी मुक्त चिन्हं उमेदवारांना मिळतात आणि लढत पॅनेलांत होते. या व्यवस्थेचे फायदे खरे आहेत. एकाच पक्षाची माणसं पाण्याच्या प्रश्नावर वेगळ्या पॅनेलांत जाऊ शकतात, विरोधी पक्षांतले भाऊबंद एकत्र येऊ शकतात. गावात उमेदवाराचं घराणं, स्वभाव, व्यवहार सगळ्यांना ठाऊक असतो. माणूस पाहून मत देणं इथे खरोखर शक्य आहे.

तरीही 15 जानेवारी 2021 च्या मतदानानंतर काय झालं ते आठवावं. 14 हजारांहून अधिक ग्रामपंचायतींची निवडणूक जाहीर झाली होती. निकाल लागताच प्रत्येक मोठ्या पक्षाने आपल्या ताब्यात किती ग्रामपंचायती आल्या याचे दावे केले. मतपत्रिकेवर पक्ष नव्हते, म्हणून कुणाचा दावा खरा हे तपासायला कुठलीच अधिकृत नोंद नव्हती. त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्याचं समोर आल्याने राज्य निवडणूक आयोगाने तिथली प्रक्रिया रद्द केली. पक्ष बाहेर ठेवला तरी पैसा बाहेर राहत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. पश्चिम बंगालमध्ये 1978 पासून पंचायत निवडणुका पक्षचिन्हांवर होतात. तिथे 2018 मध्ये सुमारे एक तृतीयांश जागांवर लढतच झाली नाही आणि विरोधकांना अर्ज भरू दिले नाहीत अशा तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. पक्षाची उघड उपस्थिती गावाला आपोआप लोकशाही शिकवत नाही. म्हणून ग्रामपंचायतीत पक्षचिन्हं आणावीत असं मी म्हणणार नाही.

एक साधी कसोटी

मग रेषा कुठे ओढायची? माझ्या मते त्याला एक साधी कसोटी आहे: निवडून आल्यावर त्या प्रतिनिधीचं मत कोण ठरवतं?

1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. तेव्हापासून पक्षाचा व्हिप मोडणाऱ्या आमदार-खासदाराचं सदस्यत्व जाऊ शकतं. महाराष्ट्रात 1986 च्या कायद्याने महानगरपालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या यांच्या सदस्यांनाही असंच बंधन लागू केलं. म्हणजे या सर्व सभागृहांत सदस्य हात वर करतो तो मोठ्या प्रमाणात पक्षाच्या आदेशाने. जिथे कायद्यानेच सदस्याला पक्षाशी बांधलं आहे, तिथे तो पक्ष कोणता हे मत देतेवेळी मतदारापासून लपवणं म्हणजे सौद्याची मुख्य अट लपवून सही घेणं आहे. ग्रामपंचायतीला हा कायदा लागू नाही. तिथला सदस्य पक्षाच्या व्हिपला बांधलेला नाही, म्हणून तिथे पक्षचिन्ह नसणं सुसंगत आहे.

ज्यांना पक्षांची पकड सैल करायची आहे, त्यांनी हात घालायची जागा मतपत्रिका नाही. व्हिप केवळ विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पापुरता ठेवावा, पक्षांनी उमेदवार निवडताना सदस्यांचं मतदान घ्यावं, गुन्ह्यांची आणि मालमत्तेची प्रतिज्ञापत्रं मतदान केंद्राबाहेर सोप्या मराठीत लावावीत, यासाठी झगडावं. मतपत्रिकेत सुधारणा करायचीच तर माहिती वाढवणारी करावी. चिन्हाशेजारी पक्षाचं नाव अक्षरांत छापावं, आणि मान्यताप्राप्त पक्षाच्या चिन्हासारखं दिसणारं वा ऐकू येणारं मुक्त चिन्ह यादीतून आधीच काढावं. नावांचा क्रमसुद्धा आज मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष आणि शेवटी अपक्ष असाच असतो; चिन्हं पुसली तरी जाणकाराला त्या क्रमावरून बरंच काही कळेल आणि अजाण मतदार तेवढा मागे राहील.

वाईट उमेदवार निवडून येतात याचं दुःख खरं आहे आणि ते मलाही आहे. पण त्यावर उपाय म्हणून मतदाराला कमी सांगणं हा मार्ग मला मान्य नाही. 1951 मध्ये या देशाने अक्षर न येणाऱ्या कोट्यवधी माणसांवर विश्वास टाकला आणि त्यांना स्वतंत्रपणे निर्णय घेता यावा म्हणून चिन्ह हाती दिलं. त्या विश्वासाला जागायचं तर आजच्या मतदाराला माणूसही दाखवा, पक्षही दाखवा, दोघांचा इतिहासही दाखवा आणि निवड त्याच्यावर सोडा.